घराचा दर्जा आरोग्याच्या बाजूने मोजायचा असेल तर पाहणीत काय असावे?

खणदीडखण (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. औसा, निलंगा आणि लोहारा तालुक्यांतील काही गावांत घरांची पाहणी करण्याचे आमच्या लहानशा गटाने ठरवले आहे. घर कसे आहे आणि त्यात राहणाऱ्यांच्या तब्येतीवर त्याचा काय परिणाम होतो, हा विषय. प्रश्नावली तयार करताना आधीच्या सरकारी पाहण्यांचे नमुने समोर ठेवले आणि तिथेच गाडी अडली.

२०११ च्या जनगणनेत घराची स्थिती चांगली, राहण्यायोग्य आणि मोडकळीस आलेली अशा तीन प्रतींत नोंदवली गेली. छत, भिंती आणि जमीन कशाची आहे, खोल्या किती, पाणी कुठून येते, संडास आहे का, स्वयंपाक कशावर होतो, हेही विचारले गेले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण घरांना कच्चे, अर्धपक्के आणि पक्के अशा गटांत टाकते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१८ मधील ७६ व्या फेरीत घरात हवा खेळती आहे का आणि सांडपाण्याची सोय कशी आहे, हे प्रश्न होते; त्यातल्या त्यात ती फेरी आमच्या कामाच्या जवळची. तरीही या सर्व पाहण्यांचा मुख्य भर घर कशाने बांधले आहे यावरच राहतो.

आता प्रत्यक्ष उदाहरण घ्या. आमच्याकडे एका गल्लीत समोरासमोर दोन घरे आहेत. एक जुने माळवद आहे : जाडजूड दगडी भिंती, तुळयांवर लाकूडफाटा अंथरून त्यावर पांढऱ्या मातीचा थर, खिडकी एकही नाही, उजेड आणि धूर यांच्यासाठी छतात ठेवलेले एक साणे. दुसऱ्याला विटांच्या भिंती, खाली सिमेंटचा कोबा आणि वर लोखंडी पत्रे. छत मातीचे म्हणून पहिले घर पक्क्यात बसत नाही. दुसरे बसते, कारण पत्रा हा पक्क्या छतांच्या यादीत मोडतो. मे महिन्यात दुपारी तीन वाजता मात्र पत्र्याच्या घरातली म्हातारी माणसे आणि लेकरे समोरच्या माळवदाच्या ओसरीवर येऊन बसलेली असतात.

तेव्हा जाणकारांना विचारायचे आहे की घराच्या कोणत्या बाबी मोजाव्यात, त्यांची एकत्र बेरीज करून घराला गुण द्यावेत की नाही, आणि आजार घरामुळे आला की गरिबीमुळे आला हे वेगळे कसे काढावे.

नाडीपरीक्षा

विषय उत्तम आहे. मी सामाजिक वैद्यकशास्त्र शिकवतो, त्यामुळे आधी दाटीविषयी लिहितो.

आमच्या विद्यार्थ्यांना दाटीचे ठोकताळे तोंडपाठ असतात : एका खोलीत २ माणसे, दोन खोल्यांत ३, तीन खोल्यांत ५, ११० चौरस फुटांच्या खोलीत दोघांनी झोपावे, ५० चौरस फुटांहून लहान खोलीत कोणीच झोपू नये. वर्षाच्या आतले बाळ मोजायचे नाही आणि दहा वर्षांपर्यंतचे मूल अर्धे धरायचे. हे निकष खोल्यांच्या संख्येवर चालतात. आपल्या गावांत मात्र झोपण्याची जागा ऋतूप्रमाणे बदलते. उन्हाळ्यात अर्धे घर गच्चीवर किंवा अंगणात झोपते. श्रावणातल्या झडीत तेच कुटुंब एका खोलीत येते, आणि त्या खोलीच्या एका भिंतीला खताची पोती लावलेली असतात, दाराशी शेळी बांधलेली असते. क्षयरोग, लहान मुलांचे श्वसनाचे संसर्ग, खरूज, घशाच्या संसर्गामागून येणारा सांध्यांचा व हृदयाचा विकार, हे सर्व दाटीत फोफावतात. त्यामुळे ‘खोल्या किती’ हे विचाराच, पण ‘काल रात्री या खोलीत कोण कोण झोपले होते आणि दार उघडे होते की बंद’ हेही विचारा, आणि तेही पावसाळ्यात विचारा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घर आणि आरोग्य यांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत पाच बाबींवर नव्याने शिफारशी आहेत : दाटी, घरातील थंडी, घरातील उष्णता, घरात होणाऱ्या दुखापती आणि अपंग व वृद्धांना घरात वावरता येणे. थंड प्रदेशांसाठी घरात किमान १८ अंश तापमान असावे असे त्यांत म्हटले आहे. आपल्याला थंडीचे काय, असे कोणी म्हणू नये. परभणीचा पारा डिसेंबर-जानेवारीत एक आकडी होतो आणि पत्र्याखाली अंथरूण टाकणाऱ्या दम्याच्या रुग्णाला ती रात्र काढणे किती जड जाते, हे आम्ही सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात पाहतो. पत्रा दोन्ही ऋतूंत त्रास देतो.

हवेबाबत मुंबईचे उदाहरण जरूर पाहा. गोवंडी-मानखुर्दकडील पुनर्वसन इमारती बांधकामाच्या दृष्टीने पूर्ण पक्क्या आहेत. मात्र दोन इमारतींमधले अंतर इतके कमी आहे की खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोचत नाही, आणि तिथे क्षयरोगाचे प्रमाण अधिक असल्याचे अभ्यासांत दिसले.

पऱ्हाटी

मी अनेक वर्षे गावपातळीवर आरोग्याचे काम केले आहे, त्यामुळे चुलीविषयी माझ्याइतके थोडेच जण बोलू शकतील!

‘तुमच्याकडे गॅस आहे का?’ हा प्रश्न कृपा करून मुख्य ठेवू नका. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आल्यापासून त्याचे उत्तर बहुतेक घरांत ‘आहे’ असेच मिळते, आणि ते खोटेही नसते. गॅसवर चहा होतो, पाहुणे आले तर भाजी होते. भाकरी चुलीवर आणि आंघोळीचे पाणीही चुलीवर. शेतात तुराट्या आणि पऱ्हाट्या (तुरीच्या व कापसाच्या वाळक्या काड्या) फुकट पडलेल्या असताना सिलिंडर भरून आणण्यास घरधनी राजी होत नाही. म्हणून ‘आज सकाळी भाकरी कशावर थापली आणि पाणी कशावर तापवले’ असे विचारावे. पावसाळ्यात तेच पुन्हा विचारावे, कारण अंगणातली चूल तेव्हा घरात येते.

विचारण्यापेक्षा पाहणे बरे. चुलीच्या वरची तुळई किंवा पत्रा बघा. काजळी कोरडी व जुनी असेल तर बोटाला पूड लागते. चूल रोज पेटत असेल तर ती चिकट, चकाकती असते आणि जळमटांच्या काळ्या दोऱ्या लोंबत असतात. साणे असेल तर ते उघडे आहे की पावसाचे पाणी येते म्हणून त्यावर फरशी ठेवून बुजवले आहे, हे शिडी लावून नव्हे, पण खालून मान वर करून बघता येते. त्यानंतर चुलीपाशी कोण असते ते नोंदवा. सून भाकरी करते, तिचे तान्हे जवळच झोळीत असते आणि सासूचे अंथरूण त्याच खोलीच्या कोपऱ्यात असते. घर एक, पण धूर तिघींच्या वाट्याला येतो, आणि कर्ता पुरुष त्या वेळी पारावर असतो. उत्तरे मात्र बहुतेकदा तोच देतो.

आणखी दोन गोष्टी. संडास आहे का हे विचारताना दार उघडून बघा. आत सरपण किंवा कडबा असेल तर तो संडास नव्हे. आणि जमिनीवर झोपणाऱ्यांची नोंद घ्या. मण्यार हा विषारी साप रात्री फिरतो, त्याचा दंश झालेला माणसाला पुष्कळदा कळतही नाही आणि पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात म्हणून दवाखान्यात आणतात. भिंत आणि जमीन यांच्या सांध्यातली भेग, भिंतीला लावलेला सरपणाचा ढीग आणि खाट नसणे, या तीन गोष्टी बघायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

खणदीडखण

पऱ्हाटीताई, ‘आज सकाळी भाकरी कशावर’ हा प्रश्न जसाच्या तसा घेतो. डॉक्टर, पावसाळ्यातली फेरी आमच्या वेळापत्रकात नव्हती. ती घालावी लागेल असे दिसते, मग खर्चाचा मेळ कसा बसवायचा ते बघू.

ओळंबा

मी बांधकामातला माणूस आहे. घरकुलांच्या कामावर बऱ्याचदा असतो, त्यामुळे पक्के घर कसे घडते हे थोडे सविस्तर लिहितो; त्याशिवाय खिडकीचा प्रश्न कळणार नाही.

प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे २६९ चौरस फुटांचे असावे लागते आणि त्यात स्वयंपाकाची जागा धरलेली आहे. सपाट भागासाठी अनुदान १ लाख २० हजार रुपये. त्याखेरीज रोजगार हमीतून मजुरी आणि संडासासाठी १२ हजार रुपये वेगळे मिळतात. हप्ते बांधकामाच्या टप्प्यांवर सुटतात आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो ठिकाणासह चढवावा लागतो. आपल्याकडची जमीन काळी. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसाळ्यात फुगते. मुरूम लागेपर्यंत पाया खोदला नाही तर दोन वर्षांत भिंतीला कोपऱ्यापासून तिरकी चीर जाते. काळ्या रानात पैसा जमिनीखाली जातो आणि पुढे छत पडले पाहिजे म्हणून उरलेला छतावर जातो. गिलावा, फरशी, खिडक्यांची झडपे, न्हाणीचे पाणी जायला नाली, ही कामे त्यानंतरची आणि बहुतेकदा कर्ज काढून करायची. खिडकीच्या जागी विटा रचलेल्या किंवा पत्र्याचा तुकडा ठोकलेला दिसतो तो यामुळे.

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार उष्ण-कोरड्या हवामानात खोलीच्या उघड्या जागेचे क्षेत्र जमिनीच्या किमान एक दशांश असावे आणि घरात राहण्याची एकच खोली असेल तर ती ९.५ चौरस मीटरहून लहान नसावी. टेप लावून हे मोजता येईल. परंतु चौकट मोजू नका, खरोखर उघडणारा भाग मोजा, आणि समोरासमोरच्या भिंतींत उघडी जागा आहे का ते लिहा. एकाच भिंतीत दोन खिडक्या असल्या तरी वारा आरपार जात नाही.

तापमानाबद्दल : सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि मध्यरात्रीपर्यंत ती धग खाली सोडत राहतो. दुपारी बाराला मोजाल तर स्लॅबचे घर पत्र्याच्या घराहून बरे दिसेल. रात्री दहाला मोजाल तर कदाचित उलट दिसेल, कारण पत्रा लवकर निवतो. त्यामुळे एका वेळच्या मोजमापाने काहीच ठरत नाही. दर अर्ध्या तासाला स्वतःच नोंद करणारी लहान यंत्रे मिळतात, ती झोपण्याच्या उंचीवर टांगा. माणसे जमिनीवर झोपत असतील तर दीड फुटावर. हवेचे तापमान आणि छतावरून अंगावर येणारी धग वेगवेगळी असते. जमल्यास काही घरांत काळ्या गोळ्यात बसवलेला तापमापकही ठेवा, त्यात ती धग येते.

नाडीपरीक्षा

ओळंबा, खिडकीबाबत माझा थोडा मतभेद आहे. आमच्या पाठ्यपुस्तकात खिडक्यांचे क्षेत्र जमिनीच्या एक पंचमांश आणि दारे-खिडक्या मिळून दोन पंचमांश सांगितलेले आहे. एक दशांशावर समाधान मानले तर क्षयरोगाच्या दृष्टीने ते अपुरे ठरते.

ओळंबा

डॉक्टर, मराठवाड्यात मे महिन्यात जमिनीच्या दोन पंचमांश इतकी जागा उघडी ठेवली तर घरात भट्टीचा वारा येईल. जुन्या लोकांनी खिडक्या लहान ठेवल्या त्या उगाच नव्हे. पाहणीत उघड्या जागेचे प्रमाण आकड्यातच नोंदवले, पास-नापास केले नाही, तर आपण दोघेही आपापला निकष नंतर लावू शकतो.

तेरणाकाठ

धागा वाचतो आहे. माळवद गार असते हे खरे आहे, माझे बालपण त्यातच गेले. पण माळवदाचे कौतुक वाचले की मला ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते. चार वाजायला चार मिनिटे कमी असताना किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा माणसे घरात झोपलेली होती, आणि त्यांच्यावर कोसळले ते हेच गार छत आणि याच जाड भिंती. चिखलात रचलेले गोलसर दगड, भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या थरांना बांधणारा आडवा लांब दगड नाही, आणि वर दर पावसाळ्याआधी गळती थांबवण्यासाठी नवी पांढरी माती टाकून टाकून वाढत गेलेले वजन. हजारो माणसे गेली. भूकंप ६.२ तीव्रतेचा होता; तेवढ्यात इतके बळी गेले ते घरांमुळे.

त्यानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. जमीन किती आहे त्यावर घराचे माप ठरले : भूमिहीन व अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४५०, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. ती घरे मजबूत आहेत याबद्दल कृतज्ञता आहेच. पण शहराच्या वसाहतीसारखे सरळ रस्ते आणि लांब-लांब भूखंड, गुरांना गोठा नाही, चुलीला जागा नाही, स्लॅबखाली उकाडा. हळूहळू लोकांनी घरासमोर पत्र्याचे शेड काढले. आज आमच्या गावात अनेक कुटुंबे स्लॅबच्या खोलीत धान्याची पोती आणि कपाट ठेवतात, आणि स्वयंपाक व झोप पत्र्याखाली. तुमचा पाहणीकर्ता ‘छत : स्लॅब’ असे लिहून पुढे जाईल आणि ज्या जागेत माणसे चोवीस तासांपैकी वीस तास असतात ती जागा कागदावर येणारच नाही.

माझी विनंती एवढीच की घर अंगावर पडण्याचा धोका आणि घर तापण्याचा धोका यांची एकमेकांशी वजाबाकी होऊ देऊ नका. गार घराला गारव्याचे दहा गुण आणि भिंत फुगली म्हणून उणे दहा, मग बेरीज शून्य, असे झाले तर त्या आकड्याचा उपयोग काय?

मध्यमान

तेरणाकाठ यांनी जो मुद्दा मांडला तो निर्देशांक बनवणाऱ्यांची जुनी अडचण आहे. अनेक बाबींची सरासरी काढली की एका बाबीतले चांगले दुसऱ्या बाबीतल्या वाईटाला झाकते.

इंग्लंडमध्ये यावर एक तोड काढली आहे. २००६ पासून तिथे घरांच्या धोक्यांचे मूल्यांकन २९ प्रकारच्या धोक्यांवर होते : ओल व बुरशी, अति थंडी, अति उष्णता, दाटी, पडणे, आग, वीज, इमारत कोसळणे वगैरे. प्रत्येक धोक्यासाठी पुढच्या बारा महिन्यांत इजा होण्याची शक्यता किती आणि झालीच तर ती किती गंभीर असेल, हे दोन अंदाज एकत्र करून गुण निघतात. धोके एकमेकांत मिसळत नाहीत, आणि एक जरी धोका वरच्या श्रेणीत गेला तर स्थानिक प्रशासनाला कारवाई करणे भाग पडते. मला त्यातली सर्वात आवडणारी गोष्ट अशी की मूल्यांकन त्या धोक्याला सर्वात नाजूक असलेल्या वयोगटाला धरून होते, मग आज घरात त्या वयाचे कोणी असो वा नसो. जिन्याला कठडा नसेल तर तो धोका म्हाताऱ्या माणसाच्या हिशोबाने मोजला जातो. आपल्याकडे धोक्यांची यादी वेगळी असेल, त्यात मण्यार आणि चुलीचा धूर येईल, परंतु रचना उचलण्यासारखी आहे.

आता तिसरा प्रश्न. वाईट घरात गरीब राहतात, आणि गरिबीमुळे आहार, काम, उपचार सगळेच कमी पडते. नुसती वाईट आणि चांगल्या घरांतल्या आजारांची तुलना केली तर घराच्या माथी सगळे दोष येतील. यातून वाट काढल्याचे दोन चांगले नमुने आहेत. मेक्सिकोतील कोआविला राज्याने २००० सालापासून गरीब कुटुंबांच्या मातीच्या जमिनीवर सिमेंटचा कोबा घालून दिला. शेजारच्या राज्यातील लगतच्या वस्त्यांत तो कार्यक्रम नव्हता. लोक सारखेच, फरक फक्त जमिनीचा. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सगळी मातीची जमीन सिमेंटची झाल्यास मुलांमधील जंत ७८ टक्क्यांनी, अतिसार ४९ टक्क्यांनी आणि रक्तक्षय ८१ टक्क्यांनी कमी होतो असा अंदाज निघाला, आणि आयांचे मानसिक स्वास्थ्यही सुधारलेले दिसले. दुसरा नमुना न्यूझीलंडचा : सुमारे १,३५० घरांपैकी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या घरांना आधी उष्णतारोधक थर बसवून दिला आणि बाकीच्यांना वर्षभराने. तापमान जेमतेम अर्धा अंश वाढले, तरी छातीत घरघर होण्याच्या तक्रारी आणि मुलांचे शाळेचे खाडे कमी झाले. हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला.

आपल्याकडे यासारखी संधी घरकुलाच्या प्रतीक्षा यादीत आहे. ज्यांना यंदा घर मिळाले आणि जे त्याच गावात, त्याच यादीत पुढच्या वर्षासाठी थांबले आहेत, त्यांची परिस्थिती बरीच सारखी असते. या दोन गटांची तुलना करा, दोघांची घर मिळण्याआधीची नोंदही घ्या. आजार असे निवडा की जे वर्षभरात बदलू शकतील : पाच वर्षांखालील मुलांना गेल्या दोन आठवड्यांत झालेला अतिसार, खोकला, रात्रीची झोप. फुप्फुसांचा जुना विकार वर्षभरात बरा होत नाही, त्यावर घराची परीक्षा घेऊ नका. घर तपासणारा आणि तब्येत विचारणारा असे दोन वेगळे जण पाठवा, कारण पडके घर पाहिल्यावर माणूस नकळत आजार खोदून-खोदून विचारतो. आणि प्रत्यक्ष कामाआधी वीस-पंचवीस घरे दोन पाहणीकर्त्यांनी एकमेकांना न विचारता तपासावीत. दोघांची उत्तरे जुळत नसतील तो प्रश्न काढून टाकावा.

मांजराकाठ

लातूर शहरातून एक छोटी भर. एप्रिल २०१६ मध्ये आम्हाला मिरजेहून रेल्वेने पाणी आले, तेव्हापासून घरोघरी टाक्या, पिंपे आणि बॅरल ठाण मांडून बसले आहेत. नळाला पाणी किती दिवसांनी येते यावर घरात किती भांडी भरून राहतात ते ठरते, आणि डेंग्यूचा डास याच स्वच्छ साठ्यात अंडी घालतो. इथे नवे मोजमाप शोधायला नको. आरोग्य खाते घरातील भांडी तपासून शंभर घरांमागे अळ्या सापडलेली भांडी किती, हा ब्रेटो निर्देशांक काढतच असते. तोच वापरा आणि भांड्यांना घट्ट झाकण आहे का ते लिहा.

बालाघाट

मी बीड जिल्ह्यातला, ऊसतोड कुटुंबातला. आता शाळेत शिकवतो. वरची चर्चा वाचताना एक गोष्ट सतत टोचत राहिली : सगळ्यांनी गृहीत धरले आहे की कुटुंबाचे घर एक असते आणि ते त्यातच राहते.

आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास गाड्या भरतात आणि कोयते कारखान्यांवर जातात. परत येईपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, सोबत लहान लेकरे. तिथे राहणे कोपीत. बांबूच्या कमानीवर चटई किंवा ताडपत्री, आत उभे राहता येत नाही, जमीन शेतातली तशीच, आणि काही ठिकाणी बाजूला वाळके पाचट पडलेले असते म्हणून चुलीची ठिणगी उडण्याची धास्ती. संडास नाही, न्हाणी नाही. बाया पहाटे अंधारात उरकून घेतात आणि मासिक पाळीत तर विचारूच नका. पाणी जवळच्या पाटाचे, विहिरीचे नाही तर टँकरचे. म्हणजे वर्षाचे पाच-सहा महिने कुटुंब अशा जागेत काढते, आणि गावाकडे त्यांच्या नावावर घरकुल असते, पक्के, गिलावा केलेले, त्याला कुलूप.

तुम्ही जानेवारीत पाहणीला गेलात तर ‘घर बंद’ असे लिहून शेजारचे घर घ्याल. ज्यांची राहणी सर्वात हलाखीची तेच नमुन्यातून गळतील आणि गावाची सरासरी छान दिसेल. गावात राहिलेले आजी-आजोबा आणि शाळेतली मोठी भावंडे हेही एक वेगळेच कुटुंब असते, त्यांची नोंद ‘अर्धे कुटुंब’ म्हणून करून चालत नाही.

मध्यमान

बालाघाट यांचा मुद्दा संख्याशास्त्राच्या दृष्टीनेही गंभीर आहे. बंद घर बदलून शेजारचे घेऊ नये. त्याची नोंद ठेवून गुढीपाडव्यानंतर पुन्हा जावे, आणि प्रत्येक माणसासाठी गेल्या बारा महिन्यांत तो कोणत्या जागेत किती महिने झोपला, हे विचारावे. मोजण्याचे एकक घर न धरता माणूस आणि त्याने त्या जागेत घालवलेला काळ असे धरले, तर तेरणाकाठ यांचे पत्र्याचे शेड, पऱ्हाटीताईंची चूल आणि ही कोपी, तिन्ही एकाच तक्त्यात बसतात.

खणदीडखण

सर्वांचे आभार. आमच्या गटाची काल बैठक झाली, तिथे हा धागा वाचून दाखवला. ठरले ते असे.

घराला एकच गुण देणार नाही. कोसळण्याचा धोका, उष्णता व थंडी, धूर, दाटी, पाणी-सांडपाणी आणि घरातल्या दुखापती यांची नोंद वेगवेगळी राहील. पाहणी मे, ऑगस्ट आणि डिसेंबर अशा तीन फेऱ्यांत होईल. त्यासाठी गावांची संख्या निम्म्यावर आणावी लागली, त्याला इलाज नाही. प्रत्येक व्यक्तीसाठी ‘दिवसाचे आणि रात्रीचे कोणते तास कुठे’ असा छोटा तक्ता असेल, आणि उत्तरे शक्यतो घरातल्या बाईकडून घेतली जातील. साणे, काजळी आणि खिडकीचा उघडणारा भाग हे पाहून लिहायचे, विचारून नाही. प्रतीक्षा यादीची तुलना दोन गावांत करून बघणार आहोत, सगळीकडे ते शक्य नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांकडे पाडव्यानंतर जाऊ. कोपीपर्यंत पोचणे आमच्या आवाक्याबाहेर आहे, म्हणून तिथल्या राहणीची माहिती त्यांच्याच तोंडून घेऊ.

एक प्रश्न मात्र बैठकीत सुटला नाही. पाहणी करताना एखादी भिंत फुगलेली, आज ना उद्या पडेल अशी दिसली तर काय करायचे? अभ्यासाच्या शिस्तीप्रमाणे आपण फक्त नोंद घ्यायची असते. घर भाड्याचे असेल तर तक्रार केल्याने भाडेकरूच बाहेर पडेल, अशीही भीती एकाने बोलून दाखवली.

तेरणाकाठ

यात विचार कसला? त्याच दिवशी, घरातल्या मोठ्या माणसाला बाजूला घेऊन सांगायचे. तुमचा अभ्यास बिघडला तरी चालेल. त्या भिंतीच्या बाजूला अंथरूण टाकू नका, एवढे सांगायला ना ग्रामपंचायत लागते ना घरमालक.

ओळंबा

तेरणाकाठ यांच्याशी सहमत. पाहणीकर्त्यांसाठी एका पानाची ओळखपत्रिका करून देतो : भिंतीचा फुगवटा ओळंब्याने कसा बघायचा, कोपऱ्यातली तिरकी चीर, तुळईच्या टोकाला लागलेली वाळवी, पावसात भिजून सुटलेला चिखल. यांपैकी काहीही दिसले तर घरात सांगायचे आणि मला फोटो पाठवायचा. टेकू लावून काम भागेल की भिंत उतरवावी लागेल, ते मी सांगेन. भाडेकरूचे घर असेल तर ग्रामपंचायतीला कळवायचे की नाही, हे त्या कुटुंबाला विचारूनच ठरवा.

पऱ्हाटी

मे महिन्याच्या फेरीसाठी सुचवते. सकाळी आठच्या आत किंवा सायंकाळी सहानंतर जा. मधल्या वेळी बाया रानात असतात आणि घरी फक्त पुरुष भेटतील. आठवडी बाजाराचा दिवस टाळा. आणि पावसाळ्यातल्या फेरीला येताना बॅटरी आणा, कारण वीज गेलेली असली तर छताची काजळी दिसणार नाही.

खणदीडखण

ओळंबा, ती पत्रिका मिळाली की दोन पाहणीकर्त्यांना घेऊन एका गावात पंचवीस घरांची चाचणी करतो. कोणते प्रश्न दोघांच्या उत्तरांत जुळले नाहीत, ते इथेच लिहीन.